आनंदरावांचा समुद्र आणि आईचा हंडा

आनंदराव,

पत्र म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची. बोटीवर असताना घरून आलेल्या प्रत्येक पत्रात कुणीतरी गेलेलंच असायचं, असं तुम्ही म्हणायचात. हे पत्र तसलं नाही. जायचे ते सगळे मागंच गेले, त्यात तुम्हीही आलात, तेव्हा उत्तराची वाट मी बघणार नाही. पण मागच्या महिन्यात भोरला गेले होते. तुमच्या आळीत उभी राहून एकाला विचारलं, "इथं समुद्र होता तो कुठं?" त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि मला सावलीत बसायला सांगितलं. मला राग आला. समुद्र होता. तुमच्या पडवीत, दोन हात लांब, हातभर रुंद, काचेचा. त्यात बोट बुडवून मी चाटलेलंसुद्धा आहे.

म्हणून आता लिहून टाकते. समोर असतात तर "बाई, तसं नव्हतं ते" करून तुम्ही शंभरदा अडवलं असतंत. त्यावर उपाय असा, की इथून पुढं तुम्ही 'ते' आणि मुलींच्या शाळेत रसायन शिकवणारी मी नुसती 'बाई'. मध्ये बोलायचं नाही.

आनंदराव बोटीवर होते, पण समुद्र त्यांना फारसा दिसलाच नाही. त्यांचं काम बोटीच्या पोटात, इंजिनाला तेलपाणी करण्याचं. पाळी संपवून वर यावं तर बहुतेक वेळा अंधार. त्या इंजिनाच्या धडधडाटानं डावा कान गेला, उजवाही जायला लागला, तेव्हा कंपनीनं त्यांना घरी पाठवलं. लग्न केलं नव्हतं. घरी आई, सरूबाई, तेवढी एक.

आईला त्यांनी शब्द दिला होता. पहिल्या सफरीला निघताना म्हणाले होते, "आये, परत आलो की तुला समुद्र दावतो." सरूबाईंनी तो शब्द गाठीला बांधून ठेवला. दर सुट्टीला आठवण करून द्यायच्या, आणि दर सुट्टीला काही ना काही आडवं यायचं. शेवटी मुलगा कायमचा घरी आला त्याच वर्षी सरूबाई ओढ्याच्या दगडावरून घसरल्या आणि खुबा मोडला. पुण्याच्या डॉक्टरांनी हाड जुळवायचा प्रयत्न केला, जुळलं नाही. बसून सरकत सरकत घरातल्या घरात फिरायच्या. एसटीत बसवून वरंधा घाट उतरवायचा म्हटलं तर पहिल्या वळणालाच जीव गेला असता.

"तू काय दावनार समुद्र," त्या म्हणायच्या, "आता मलाच न्हेऊन टाक त्यात."

आनंदरावांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरात एका दुकानात काचेची पेटी पाहिली होती. पेटीत समुद्राचं पाणी, पाण्यात दगड, आणि दगडावर जिवंत फूल, बोटं हलवल्यासारख्या पाकळ्या हलवणारं. ती पेटी त्यांच्या डोक्यात बसली होती. आई समुद्राकडे जात नाही तर समुद्र आईकडे आणायचा, असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे अशा माणसाला लोक खुळा म्हणतात. लोकांनी म्हटलंच.

भोरच्या लोहारानं कोनाच्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून दिला. काचा पुण्याहून आणल्या. सांधे डांबरानं भरले, म्हणजे लोखंड पाण्याला लागायला नको. हवेचा एक छोटा विजेचा पंप मुंबईच्या एका दोस्ताकडून मिळवला. त्याची नळी तळच्या वाळूत सोडली, की बुडबुडे वर येताना पाणी वाळूतून ओढलं जायचं आणि गाळून निघायचं. वीज गेली तर काय? भोरला वीज यायची ती पाहुण्यासारखी. त्यासाठी आनंदरावांनी ट्रकची जुनी ट्यूब घेतली, सायकलच्या पंपानं टम्म फुगवली आणि तोंडाला चिमटा लावून तिचीच हवा नळीत सोडायची सोय केली. पंप चालू आहे का हे ते ऐकत नसत, तेवढं बारीक त्यांना ऐकू यायचं नाही. काचेवर तळहात ठेवायचे. काच थरथरली की समजायचं, चाललंय.

मग ते पाणी आणायला निघाले. भोरहून महाड, महाडहून श्रीवर्धन, बरोबर बोटीवरून आणलेले प्लॅस्टिकचे कॅन. परतीच्या गाडीत कंडक्टरनं कॅनला पाय लावून विचारलं, "पाव्हणं, काय हाय ह्यात?"

"पाणी."

"कुठलं?"

"समुद्राचं."

"भोरात येवढं धरण भरलंय आन तुमी खारं पाणी न्हेताय व्हय? तुमाला तिकीट देऊ का डाक्टरचा पत्ता देऊ?"

सगळी गाडी हसली. आनंदरावांनी डावा कान त्याच्याकडे केला आणि बाहेर बघत बसले. मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेली ॲल्युमिनियमची दुधाची कासंडी होती. त्यात खडकाच्या एका ढलपीवर चिकटलेलं समुद्रफूल, शंखात राहणारे चारदोन खेकडे आणि बोटाएवढा एक काळा मासा. घाटात प्रत्येक वळणाला ते कासंडी दुसऱ्या बाजूला कलती करायचे, तान्ह्या पोराचं डोकं सावरावं तशी.

पेटीत सोडल्यावर फूल मिटूनच राहिलं. सांडगा दिसावा तसा एक मळकट गोळा. सरूबाई सरकत सरकत पडवीत आल्या, काचेला नाक लावून बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यो समुद्र? आन येवढ्यासाठी तू घरदार सोडून ऱ्हायलास?"

"आये, थांब जरा. उमलंल."

"म्या काय, थांबलेलीच हाय."

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी फूल उमललं. गोळ्यातून बोटांसारख्या शेकडो पाकळ्या निघाल्या, टोकांना जांभळट, आणि बुडबुड्यांच्या लाटेबरोबर डुलायला लागल्या. सरूबाई आणखी जवळ सरकल्या. त्यांनी पदरानं काच पुसली, जणू काचेवरच काही आलं होतं. त्या दिवसापासून त्यांची बसायची जागा पेटीशेजारी. भाजी तिथंच निवडायच्या, जेवायच्या तिथंच. आळीतल्या बायका आल्या की समुद्र दाखवायच्या, स्वतः खोदून काढल्यासारखा. घरात अडकून पडलेल्या म्हातारीला पुन्हा घरात काहीतरी राखायला मिळालं होतं. आनंदरावांना आता एवढंच हवं होतं, की आईच्या डोळ्यांसमोर ते फूल जगावं. बाकी कशाची त्यांना पडलेली नव्हती.

बाई या गोष्टीत आल्या त्या लिटमस कागदामुळं. आनंदराव शाळेत येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी आंबट झालंय का बघायचा कागुद मिळंल का?" बाईंना वाटलं, दारूचा काही प्रकार आहे. स्पष्टच विचारलं. आनंदराव इतके ओशाळले, की बाईंना स्वतःचीच लाज वाटली आणि त्या शाळा सुटल्यावर कागदाची गुंडाळी घेऊन त्यांच्या घरी गेल्या. फूल बघून बाई तासभर हलल्या नाहीत. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी जायच्याच.

पाण्याचं काम दोघांनी मिळून बसवलं. पाणी आंबटाकडे झुकायला लागलं की चुन्याची निवळी, सरूबाईंच्या पानाच्याच चुन्याची, सुती वातीवरून थेंबथेंब सोडायची. खारेपणा मोजायला आनंदरावांनी दूध संकलनवाल्या गेनबाकडून लॅक्टोमीटर मागून आणला. दुधातलं पाणी ओळखायची ती काचेची कांडी. पाणी जेवढं जड तेवढी ती वर तरंगते. पहिल्या दिवशी ती जिथवर बुडली तिथं त्यांनी कांडीवर शाईची खूण केली.

गेनबा म्हणाला, "दुधात पाणी किती ह्ये बघाया लोक न्हेत्यात. पाण्यात दूध किती ह्ये बघनारा तूच पयला."

चैत्र-वैशाखात पेटीतलं पाणी आटायला लागलं. पाणी आटतं, मीठ आटत नाही. कांडीवरची शाईची खूण पाण्याच्या वर उठली. म्हणजे गोडं पाणी घालायला हवं. बाईंनीच तसं सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. गोडं पाणी कुठलं, ते विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ते घरात सगळ्यांना माहीतच होतं. हंड्यातलं.

या हंड्याबद्दल आता सांगायला हवं. सरूबाईंचं लहानपण वेल्ह्याकडच्या एका खेड्यात गेलं. तिथल्या विहिरीला त्यांच्या माणसांनी हात लावायचा नाही. मडकं खाली ठेवायचं, काठापासून लांब बसायचं आणि कुणाला दया येऊन कुणी वरून ओतेल तेव्हा उठायचं. कधी दुपार व्हायची. आईनं मारू नये म्हणून रिकामं मडकं घेऊन ओढ्याचं गढूळ पाणी भरून न्यायच्या. पुढं लग्न होऊन भोरला आल्या, बौद्ध झाल्या, आणि आनंदरावांच्या पहिल्या सफरीच्या पगारातून त्यांनी मागितला तो तांब्याचा हंडा. दागिना नको म्हणाल्या. आळीतल्या आडाचं पाणी, स्वतः शेंदलेलं, स्वतःच्या हंड्यात. तांब्याचं पाणी शुद्ध, हे तर आपल्यात लहान पोरही सांगतं. खुबा मोडल्यावर पाणी शेजारच्या ठकुबाई आणून भरायच्या, पण हंडा घासायचा तो सरूबाईंनीच. रोज सकाळी फतकल मारून, चिंचेनं आणि मिठानं, आतून-बाहेरून, तोंड दिसेपर्यंत.

"समुद्राला आडाचं कसलं घालतोस," त्या म्हणाल्या, "हंड्याचं घाल. रातभर ऱ्हायलेलं. देवाला चालंल असं."

"आये, आपला देव कुटला आता?"

"मग फुलाला चालंल असं म्हन."

आनंदराव रोज एक तांब्या घालायला लागले. त्यांनाही ते बरंच वाटत होतं.

वैशाख सरता सरता फूल आखडलं. पाकळ्या अर्ध्याच निघायच्या, मग त्याही निघेनात. खेकडे हालचाल सोडून बसले; एक तर शंखातून बाहेर येऊन वाळूवर उताणा पडला, लाजलज्जा सोडल्यासारखा. आनंदरावांनी जे तपासता येईल ते सगळं तपासलं. काच थरथरत होती. कांडी खुणेवर होती. कागद सांगत होता, आंबट नाही. ऊन लागतंय म्हणून पेटीभोवती ओली पोती गुंडाळली. वाळू काढून धुतली, पंपातली रबराची पडदी बदलली. इंजिन बंद पडलं की ते कुठं बंद पडलं ते हाताला कळतं. इथं सगळी यंत्रं ठीक चालली होती आणि आत जीव जात होता.

"लई सुकलंय," सरूबाई म्हणायच्या. "तहानलंया. पाणी कमी पडतंय त्याला."

आषाढात एका संध्याकाळी बाई आल्या. सरूबाईंनी तांब्याभर पाणी पुढं केलं. बाई पाणी पिता पिता हंड्याकडे बघत होत्या. लखलखीत हंडा, बाजूला चिंचेचा चोथा, आणि हंडा ठेवतात त्या दगडावर हिरवट डाग. बाईंना एकदम शाळेचा हौद आठवला. त्यांनी आनंदरावांना बोळात नेलं आणि त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं,

"रोज पाणी कुठलं घालता?"

"हंड्याचं. का वो?"

"तांबं उतरतंय त्यात. चिंचेनं घासलं की जास्तच. आपल्याला चालतं, या जिवांना नाही चालत. शाळेच्या हौदात शेवाळ मारायला चिमूटभर मोरचूद टाकलं, तेही तांब्याचंच, तर सगळ्या गोगलगायी मेल्या. ही तर त्यांच्याहून नाजूक आहेत. मासा तगेल. फूल नाही तगायचं."

आनंदरावांनी बोळातून आत हंड्याकडे बघितलं.

"आजपासून आडाचं पाणी मडक्यातनं घाला," बाई म्हणाल्या. "आणि आईंना सांगून टाका, हंड्याचं नको."

"त्ये न्हाई सांगता यायचं."

"का नाही? एवढ्याशा गोष्टीला—"

"बाई, तिच्या हातानं पाणी बाटतं असं तिनं जलमभर ऐकलंया. आता तिचाच ल्योक सांगनार, तुज्या पाण्यानं जीव मरतो म्हून?"

बाईंना कुणाचंही बोलणं मध्येच तोडायची सवय. त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मडकं कुठं आहे ते विचारलं.

मग दोघांनी मार्ग शोधायला सुरुवात केली आणि एकेक मार्ग बंद होत गेला. पेटीत उतरलेलं तांबं काढायचं तर पाणीच बदलायला हवं. वरंध्याला दरड कोसळली होती, महाडची गाडी बंद. दुकानातलं खडेमीठ विरघळवावं तर ते समुद्राचं एक अंग, बाकीची अंगं कुठून आणायची? आनंदरावांनी आईच्या नकळत मडक्यातलं पाणी घालायला सुरुवात केली. पण एके दिवशी बाजारातून लवकर परतले, तर आई पेटीपाशी. एका हातानं काठ धरलेला, दुसऱ्या हातात तांब्या, आणि त्यातून हंड्याचं पाणी बारीक धारेनं फुलावर सोडतायत.

"पी माज्या लेकरा," म्हणत होत्या. "हितं कुनी अडवनारं न्हाई. पी."

आनंदराव दारातच थांबले. पुढं जाऊन हात धरावा, तर म्हणायचं काय?

"आये, पुरं," एवढंच म्हणाले.

"तू गप. तू दोन दिस झालं इसरतोस. म्या बघते न्हवं."

शेवटचा उपाय बाईंना सुचला. कल्हई. हंड्याला आतून कथलाचा मुलामा दिला की तांबं पाण्यात उतरणार नाही. सरूबाईंनी खुशाल ओतावं. पिण्याच्या हंड्याला आपल्यात कल्हई करत नाहीत, पण करायला काय झालं? फिरता कल्हईवाला भोरला यायचा तो दसऱ्यानंतर. बाई मात्र दर शनिवारी पुण्याला माहेरी जायच्या. त्यांनी सरूबाईंना सांगितलं, "हंड्याला पोचा आलाय. पुण्याला नेऊन काढून आणते."

"पोचा ऱ्हाऊ द्या की, बाय. पयल्या दिशी आडावनं आणताना माज्याच हातनं पडला हुता. त्यो माजाच हाय."

"आणखी वाढेल, फुटेल."

त्यांनी हंड्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या बाया. न्या. पर सोमवारी मला परत पायजेल."

शुक्रवारी फुलाची दोन-चार टोकं बाहेर आली होती. आनंदराव शाळेपर्यंत ते सांगायला आले. पाणी घालणं एकदा थांबलं, घाट मोकळा झाला, तर जगेल, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं.

शनिवारी सकाळी बाई एसटी स्टँडवर उभ्या. पुण्याची गाडी लागली. आनंदराव आले ते हातात नुसतं पोतं घेऊन. घडी केलेलं.

"हंडा कुठाय?"

"भरल्याला हाय."

"भरलेला म्हणजे?"

"हंडा दोन दिस न्हाई, फूल उपाशी ऱ्हाईल, म्हून तिनं ठकुबाईला उठवून काठोकाठ भरून घेतला. म्या पोतं घेऊन हुबा, आन ती म्हंती, ह्ये सगळं आदी त्याला पाजते, मग न्ये."

"मग ओतून द्यायचं की अंगणात!" बाई ओरडल्याच. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

आनंदराव म्हणाले, "तिच्या म्होरं? पाणी?"

कंडक्टरनं घंटी मारली. बाई गाडीत चढल्या. खिडकीतून मागं बघितलं तर ते पोत्याची आणखी एक घडी घालत होते.

बाई सोमवारी परतल्या तेव्हा फूल दगडावरून सुटून तळाला पडलं होतं आणि पेटीला वास येत होता. आनंदराव काचेवर हात ठेवून बसले होते. पंप चालूच होता.

सरूबाई बाईंना म्हणाल्या, "एखांदा तांब्या कमीच पडला बगा. म्याच आळस केला." आणि मुलाकडे वळून, "तू वाईट वाटून घिऊ नकोस. तुजी काय चूक न्हाई."

आनंदरावांचा उजवा कान आईकडेच होता. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि उठून वाळू उपसायला लागले.

मासा जगला. बाईंनी सांगितलं होतं तसाच. सरूबाई त्यालाच समुद्र म्हणायला लागल्या आणि आनंदराव आईनं भरून दिलेला तांब्या रोज मुकाट त्याच्या पाण्यात ओतायला लागले. घाट मोकळा झाला, महाडच्या गाड्या सुरू झाल्या. बाई म्हणाल्या, "दुसरं फूल आणा. त्याआधी हंडा द्या, मी कल्हई करून आणते." आनंदराव म्हणाले, "व्हय, येत्या शनवारी." शनिवार यायचा, बाई विचारायच्या, हंडा भरलेला असायचा.

पुढच्या हिवाळ्यात मासा गेला आणि होळीनंतर सरूबाई. बाईंना वाटलं, आता तरी हा माणूस मोकळा होईल. त्या गेल्या तेव्हा रिकामी पेटी पडवीत तशीच होती, आणि आनंदराव फतकल मारून हंडा घासत होते. चिंचेनं आणि मिठानं, आतून-बाहेरून.

बाईंची बदली झाली. निघायच्या दिवशी आनंदराव ट्रंक उचलायला स्टँडवर आले. गाडी सुटायच्या बेतात असताना त्यांनीच विषय काढला.

"बाई, पुन्याला कल्हईवालं हायत न्हवं अजून?"

"आहेत. आणलाय का हंडा?"

"आज भरल्याला हाय," आनंदराव म्हणाले. "येत्या शनवारी आणतो."

"आणा," बाई म्हणाल्या.